गावाची वही

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडच्या व्यापारी घरांतून वहीपूजन होतं. कोरी वही, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, वर ‘श्री’, बाजूला झेंडूचं फूल. आता वहीच्या जागी लॅपटॉप आला, तरी हळदकुंकू त्यालाही लागतंच. त्यामागची समजूत मोठी शहाणपणाची आहे. लक्ष्मी चंचल, ती टिकते हिशेब चोख असेल तिथे. घराची वही आपण पुजतो, दुकानाची पुजतो, मंडळाची वार्षिक सभेत वाचतो आणि तिच्यावरून तावातावाने भांडतोही. पण आपण ज्या गावात राहतो, त्या गावाची वही कोण उघडतं?

या वर्षी या सदरात अशाच एका वहीची गोष्ट सांगणार आहे. गाव ॲबर्डीन, काळ मुख्यतः एकोणिसावं शतक, विषय नगरपरिषदेचा कारभार आणि जमिनींची विक्री. विषय रुक्ष वाटला तरी पान उलटू नका. जमिनीचा व्यवहार म्हटला की आपल्या माणसाचे कान टवकारतातच. आणि या व्यवहारात लबाडी, कर्ज, दिवाळं, शहाणपण असं सगळं आहे. शिवाय शेवटी ही गोष्ट तुमच्याआमच्या दारात येऊन थांबते.

सुरुवात एका शब्दापासून करू. तुमच्यापैकी जे स्कॉटलंडमध्ये जुन्या घरात राहतात, त्यांनी घराचे जुने कागद काढून पाहावेत. त्यांत ‘फ्यू’ हा शब्द बहुधा भेटेल. फ्यू म्हणजे विक्रीच, पण दोरी बांधून केलेली. जमीन घेणारा ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, तिच्यावर बांधतो, ती विकतो, मुलांना देतो. मात्र देणारा पुरता बाजूला होत नाही. तो ‘सुपीरियर’ म्हणून वर बसून राहतो, दर वर्षी ठरलेली रक्कम घेतो आणि जमिनीवर काय बांधायचं, काय नाही, याच्या अटी घालतो. या वार्षिक रकमेला फ्यू ड्युटी म्हणत. ज्यांचं बालपण गिरगावात किंवा दादरला गेलं, त्यांना ‘फझेंदारी’ जमीन ठाऊक असेल. घर आपलं, पण जमिनीचं ठरावीक भाडं वर्षानुवर्षं फझेंदाराकडे भरायचं. फ्यू हा त्याचाच स्कॉटिश चुलतभाऊ समजा. १९७४ च्या कायद्याने नवी फ्यू ड्युटी लावणं बंद झालं, आणि ही सरंजामी पद्धत कायमची संपली ती थेट २८ नोव्हेंबर २००४ रोजी. म्हणजे आपली जी मुलं आज विद्यापीठातून बाहेर पडत आहेत, त्यांच्या जन्माच्या सुमाराला.

आता ॲबर्डीनकडे वळू. १३१९ साली राजा रॉबर्ट ब्रूसने एक सनद देऊन हे गाव आणि शेजारचं स्टॉकेटचं शिकारीचं रान तिथल्या नागरिकांना कायमचं दिलं. त्याबदल्यात गावाने राजाला दर वर्षी २१३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स द्यायचे. म्हणजे राजाने अख्खं गावच गावकऱ्यांना फ्यूवर दिलं म्हणा ना. रान, पाणी, डी आणि डॉन या नद्यांमधली सामन माशांची मासेमारी, बाजाराची जकात, या साऱ्याचं उत्पन्न कुणा एकाचं नव्हे, तर गावाचं. त्या सामाईक मालमत्तेला नाव पडलं ‘कॉमन गुड’. १४९१ साली स्कॉटलंडच्या संसदेने कायदाच केला की हे उत्पन्न गावाच्या सामाईक हितासाठीच खर्च झालं पाहिजे. पाचशेहून अधिक वर्षं झाली, तो कायदा आजही रद्द झालेला नाही.

आपल्याकडे गावाला गायरान असतं, देवराई असते, शिवेवर दगड असतो. ॲबर्डीनच्या शिवेवरही दगड आहेत. त्यांच्यावर एबीडी अशी अक्षरं आणि क्रमांक कोरलेले आहेत; पहिल्या दगडाचं नाव आल्फा, शेवटच्याचं ओमेगा. गावचे पुढारी घोड्यांवर बसून शिवेवरून फेरी काढत, कुणी दगड सरकवला नाही ना, शेजारच्या जमीनदाराने बांध कोरला नाही ना, हे डोळ्यांनी पाहत. बांध कोरणं हा प्रकार केवळ आपल्या पश्चिम महाराष्ट्रातच चालतो, असा कुणाचा समज असेल तर तो सोडून द्यावा. ॲबर्डीनची शेवटची अशी फेरी १८८९ साली निघाली. दक्षिणेकडच्या हॉइक आणि सेलकर्कला मात्र ती आजही दर जूनमध्ये वाजतगाजत निघते. एकदा जाऊन पाहा. पालखीच्या गावप्रदक्षिणेची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

पण शिवेवरचा चोर घोड्यावरून दिसतो. कचेरीत बसलेला दिसत नाही.

१५५१ साली, इंग्लंडशी झालेल्या लढायांनंतर गावाची तिजोरी रिती असताना, नगरपरिषदेने आठ वर्षांच्या राणी मेरीच्या नावाने परवानगी मिळवली आणि गावाच्या जमिनी नि मासेमारीचे हक्क फ्यूवर द्यायला सुरुवात केली. हातात एकरकमी पैसे आले, शिवाय दर वर्षी फ्यू ड्युटी ठरली. सौदा चोख दिसत होता. पण ती रक्कम कायमची ठरलेली, न वाढणारी होती. किमती वाढत गेल्या. त्याहून वाईट म्हणजे स्कॉटिश पौंडाची किंमत घसरत घसरत अशी झाली की बारा स्कॉटिश पौंड म्हणजे एक इंग्लिश पौंड. फ्यू ड्युटी कागदावर तीच राहिली, खिशात मात्र नाणी उरली. ज्यांनी जमिनी घेतल्या, त्यांची घराणी जमीनदार झाली. परिषदेत बसणारे व्यापारी आणि त्यांचे सगेसोयरे यांना अशा सौद्यांची वाट सर्वांत जवळची होती. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. आपल्याकडची दुसरी म्हण याहून नेमकी बसते: कुंपणच शेत खातं.

हे कुंपण उभं कसं राहिलं, ते समजून घ्यायला हवं. १८३३ पर्यंत स्कॉटलंडच्या राजसनदी गावांत, म्हणजे रॉयल बर्ग्जमध्ये, नगरपरिषद लोक निवडत नसत. मुदत संपत आलेली जुनी परिषद नवी परिषद निवडे. म्हणजे या वर्षी तुम्ही मला बसवा, पुढच्या वर्षी मी तुम्हाला बसवतो. प्रोव्होस्ट म्हणजे नगराध्यक्ष, त्याच्या हाताखाली बेली म्हणजे दंडाधिकारी, खजिनदार, व्यापारी संघाचा प्रमुख, अशी ही मंडळी एकमेकांचे व्याही, भागीदार, सावकार. वही त्यांच्याच कपाटात. तपासणारे तेच, तपासून घेणारेही तेच.

आता त्यांच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. ते सगळेच लबाड नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲबर्डीन वाढत होतं, पण गावात शिरायचं म्हणजे अरुंद, चढउताराच्या गल्ल्यांतून गाडी हाकायची. परिषदेने १७९४ साली चार्ल्स ॲबरक्रॉम्बी या सर्वेक्षकाला नव्या रस्त्यांचा आराखडा करायला सांगितलं. त्याची योजना धाडसी होती. मधली सेंट कॅथरिनची टेकडी कापायची, डेनबर्न ओढ्याची दरी उंचावरून ओलांडायची आणि पश्चिमेकडे एक सरळ, रुंद रस्ता काढायचा. १८०० साली संसदेने परवानगीचा कायदा केला. १८०१ ते १८०५ या काळात दरीवर ग्रॅनाइटचा, एकाच कमानीचा, १३० फूट पल्ल्याचा पूल बांधला गेला. थॉमस फ्लेचरने तो बांधला, थॉमस टेलफर्डचा सल्ला त्यामागे होता. तो पूल म्हणजे युनियन ब्रिज आणि तो रस्ता म्हणजे युनियन स्ट्रीट. ॲबर्डीनला शिकायला किंवा तेलाच्या नोकरीला आलेल्या आपल्या प्रत्येक माणसाने त्यावरून वाऱ्यात मान खाली घालून चाल केलेली आहे.

या सगळ्याचा पैसा यायचा कुठून? हिशेब असा होता: आधी कर्ज काढायचं, त्यातून जुनी घरं विकत घेऊन पाडायची, रस्ता करायचा, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे भूखंड फ्यूवर द्यायचे आणि येणाऱ्या फ्यू ड्युटीतून कर्ज फेडायचं. मुंबई-पुण्यात आजचा बिल्डर जे करतो, तेच. पण फ्रान्सशी युद्ध चालू होतं, पैसा महाग होता आणि भूखंड घ्यायला माणसं पुढे येईनात. रस्ता तयार, बाजूला मोकळ्या जागा, आणि व्याज मात्र रविवारीही चढतं. मग जुन्या कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज. आपल्याकडे याला ऋण काढून सण करणं म्हणतात. फरक इतकाच की सण करणारे दहा-वीस जण आणि ऋण अख्ख्या गावाच्या डोक्यावर. त्या गावाला याची गंधवार्ता नव्हती, कारण वही बंद होती.

१८१७ साली ॲबर्डीन शहराने दिवाळं जाहीर केलं. कर्ज दोन लाख पौंडांच्या वर गेलेलं होतं. कारभार धनकोंच्या विश्वस्तांकडे गेला. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. पायउतार होणाऱ्या परिषदेच्या सभासदांनी स्वतःच लिहून दिलं की आमची निवड ज्या पद्धतीने होते आणि गावाचा कारभार ज्या पद्धतीने चालतो, ती पद्धतच मुळापासून सदोष आहे. हातात सत्ता असताना हे सुचलं नाही, हे खरं. तरी आपल्या पदाखालची खुर्चीच किडलेली आहे असं कागदावर मान्य करणारे कारभारी जगात फार थोडे.

या प्रकरणाने स्कॉटलंडभर खळबळ उडाली. गावोगावचे अर्ज लंडनला गेले. १८१९ साली लॉर्ड आर्चिबाल्ड हॅमिल्टन यांच्या प्रस्तावावरून कॉमन्स सभागृहाने चौकशी समिती नेमली. समितीच्या समोर एकेका गावाची वही उघडली गेली. १८२२ साली कायदा झाला: गावाची जमीन विकायची असेल, फ्यूवर द्यायची असेल, एक वर्षाहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर ती जाहीर लिलावानेच द्यायची, आणि वर्षाचे हिशेब नागरिकांना पाहू द्यायचे.

या लिलावाला स्कॉटिश भाषेत ‘रूप’ म्हणतात. आपल्या जुन्या दफ्तरांतला ‘हर्रास’ हा शब्द त्याला अगदी शोभतो. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी अटींचा लेखी मसुदा वाचून दाखवायचा. किमान किंमत जाहीर करायची. लिलावावर एक पंच नेमायचा. मग मेजावर अर्ध्या तासाची वाळूची घटिका उलटी ठेवायची. वाळू संपेपर्यंत ज्याची बोली सर्वांत वर, जमीन त्याची. सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. वाळूला वशिला लावता येत नाही.

पुढे १८३३ च्या कायद्याने स्वतःच स्वतःला निवडणाऱ्या परिषदा मोडीत निघाल्या आणि वर्षाला दहा पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्या पुरुषांना मत मिळालं. त्याच वर्षी राजधानी एडिंबरानेही दिवाळं काढलं, तेव्हा सुधारणेची गरज कुणाला पटवून द्यावी लागली नाही. अविवाहित आणि विधवा स्त्रियांना नगरपरिषदेसाठी मत मिळायला मात्र १८८१ चा कायदा यावा लागला.

आणि ॲबर्डीनचं काय झालं? रस्ता वाईट नव्हता, हिशेब वाईट होता. युद्ध संपल्यावर भूखंड हळूहळू उठले, फ्यू ड्युटी येऊ लागली, शहर सावरलं. फ्यूच्या करारांत दर्शनी भिंतीच्या दगडापासून आतल्या धंद्यापर्यंतच्या अटी असत. चामडं कमावणं, चरबी वितळवणं असले धंदे चांगल्या वस्तीत चालत नसत. स्कॉटलंडच्या जुन्या रस्त्यांना आज जो एकसारखा, शिस्तीचा चेहरा दिसतो, त्यामागे नगररचनाकारांपेक्षा या करारांतल्या बारीक अक्षरांचा वाटा मोठा आहे. शतकाच्या उत्तरार्धात परिषदेने सार्वजनिक बागा केल्या: १८७१ मध्ये व्हिक्टोरिया पार्क, १८७९ मध्ये त्याच डेनबर्नच्या दरीत युनियन टेरेस गार्डन्स. १८७५ मध्ये सिटी ऑफ ॲबर्डीन लँड असोसिएशन नावाची खाजगी कंपनी निघाली. तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जोडून पाहा. काला! आपल्यापैकी काहींनी ज्या काला होम्सचं घर घेतलं आहे, तिचं मूळ इथे आहे.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्याचं आज काय?

नगरपरिषदा, म्हणजे ते जुने बर्ग, मे १९७५ मध्ये संपले. पण त्यांची कॉमन गुड मालमत्ता संपली नाही. ती आजच्या कौन्सिलांकडे आली, वेगळ्या खात्यात, त्या त्या गावच्या नावाने. बागा, नगरभवनं, बाजाराच्या जागा, चित्रं, अगदी महापौरांच्या गळ्यातली साखळीसुद्धा. ही मालमत्ता कौन्सिलला मनाला येईल तशी वापरता येत नाही. एडिंबराच्या कौन्सिलने पोर्टोबेलो पार्कवर शाळा बांधायची ठरवली. हेतू उत्तम होता. पण २०१२ साली कोर्ट ऑफ सेशनने सांगितलं की ही कॉमन गुडची न विकता येण्याजोगी जमीन आहे, तुम्हाला तो अधिकार नाही. शेवटी त्या एका बागेसाठी २०१४ साली स्कॉटिश संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला, तेव्हा शाळा झाली. शाळा हवी होती की बाग, यावर दोन मतं असू शकतात. पण निर्णय उघड्यावर झाला, हे महत्त्वाचं.

ॲबर्डीनचंच उदाहरण घ्या. त्याच दरीतल्या युनियन टेरेस गार्डन्सच्या जागी रस्त्याच्या पातळीवर नवी भव्य बाग करायची सुमारे १४ कोटी पौंडांची योजना पुढे आली. उद्योगपती सर इयन वूड ५ कोटी द्यायला तयार होते. उरलेल्यातला मोठा भाग कौन्सिलने कर्जाने उभा करायचा होता. २०१२ च्या मार्चमध्ये जनमत घेतलं, सुमारे ५२ टक्के लोक योजनेच्या बाजूने. मे महिन्यात कौन्सिलच्या निवडणुका झाल्या आणि ऑगस्टमध्ये कौन्सिलने २२ विरुद्ध २० मतांनी ती फेटाळली. जुनीच बाग दुरुस्त होऊन डिसेंबर २०२२ मध्ये उघडली. कुणी म्हणालं संधी गेली, कुणी म्हणालं शहर वाचलं. मी त्यात पडत नाही. दोनशे वर्षांपूर्वी त्याच दरीवर, तशाच कर्जाचा निर्णय बंद दाराआड झाला होता. या वेळी आकडे प्रत्येकाच्या हातात होते. मला प्रगती म्हणतात ती एवढीच आणि एवढीच पुरेशी वाटते.

इथे मला दोन्ही पिढ्यांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. पहिल्या पिढीतले आपण इथे येऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली, तरी कौन्सिल म्हटलं की कर भरायचा आणि कचऱ्याच्या डब्यांचे रंग पाळायचे, एवढंच नातं ठेवतो. ‘ते त्यांचं आहे, आपल्याला काय करायचंय,’ असं म्हणतो. गावाकडचं गायरान कुणी बळकावलं तर फोनवर तासभर हळहळतो. इथल्या गल्लीतलं सभागृह विकायला निघालं तर आपल्याला कळतही नाही. ज्या सभागृहात आपला गणपती बसतो, मुलांची नाटकं होतात, तिळगूळ वाटला जातो, ते सभागृह कुणाचं आहे, हे आपण कधी विचारलंय? कॉमन गुड ही ‘रहिवाशांची’ मालमत्ता आहे. कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही की रहिवाशाचा पणजोबा ब्रूसच्या बाजूने लढलेला असावा. जो गावात राहतो, तो वाटेकरी. सनद १३१९ ची, पण हक्क तुमचा आहे, ज्यांच्या पेटीत अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांचाही. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयांना इथे मतही देता येतं.

दुसऱ्या पिढीतल्या वाचकांनो, ज्यांना हे मराठी अक्षर अक्षर जुळवत वाचावं लागतं किंवा आई वाचून दाखवते आहे, तुमच्यासाठी तर काम सोपं आहे. तुम्हाला ही भाषा, ही वेबसाइट, ही माणसं परकी नाहीत. २०१५ च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या प्रत्येक कौन्सिलला कॉमन गुड मालमत्तेची नोंदवही करून प्रसिद्ध करावी लागते, आणि त्यातलं काही विकण्याआधी किंवा त्याचा वापर बदलण्याआधी लोकांचं म्हणणं मागवावं लागतं. आपल्या गावाची यादी एकदा उघडून पाहा. दर वर्षी ठरावीक दिवस कौन्सिलचे हिशेब तपासणीसाठी खुले असतात. जाऊन पाहता येतात, हरकत घेता येते. जे इंग्लंडमध्ये राहतात त्यांच्याकडे कॉमन गुड नाही, पण हिशेब पाहण्याचा हक्क आहे. शिवाय २०११ च्या लोकलिझम ॲक्टखाली एखादी वास्तू ‘समाजाच्या मोलाची’ म्हणून नोंदवता येते. मग ती विकायला निघाली आणि एखाद्या स्थानिक संस्थेने आपल्याला ती घ्यायची आहे असं कळवलं, तर तयारीला सहा महिने मिळतात.

यात आंदोलन करायला सांगत नाही. वही पाहायला सांगतो आहे. ॲबर्डीनचे नागरिक १८१७ साली बुडाले ते पुढारी दुष्ट होते म्हणून नव्हे, तर विचारायची सोय नव्हती आणि कुणाला विचारायची सवयही नव्हती म्हणून. आज सोय आहे. सवय तेवढी लावून घ्यायची राहिली आहे.

या लक्ष्मीपूजनाला घरच्या वहीशेजारी आपल्या गावाच्या कॉमन गुडची यादी छापून ठेवा. फराळ करता करता घरातल्या मुलांना विचारा, यातलं कोणतं ठिकाण आपण पाहिलंय? नसेल पाहिलं, तर भाऊबीज उरकली की जाऊन या.